बजेट मदरबोर्ड आणि चिपसेट: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षातून दोनदा माझा फोन जरा जास्तच वाजतो. एकदा बारावीचा निकाल लागल्यावर आणि एकदा चवथीच्या आधी, बोनस हातात पडल्यावर. पेडण्यापासून काणकोणापर्यंत प्रश्न तेच: कॉम्प्युटर असेंबल करायचाय, पैसे मोजके आहेत, बोर्ड कुठला घेऊ? मी विक्रेता नाही. फोंड्यात बसून नातेवाईक आणि ओळखीपाळखीच्यांची यंत्रं जुळवून देता देता जे प्रश्न साठले ते इथे लिहून ठेवले आहेत. एका उत्तरातला भाग दुसऱ्यात लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मदरबोर्ड आणि चिपसेट एकच ना? दुकानदार "एच६१० दाखवतो" म्हणतो तेव्हा नेमकं काय दाखवतो?

एकच नव्हे. चिपसेट ही बोर्डावरची एक चिप (एच६१० हे त्यातल्याच एकीचं नाव). ती इंटेल किंवा एएमडीची असते. बोर्ड बनवतात आसूस, गिगाबाइट, एमएसआय, अ‍ॅसरॉक वगैरे. पूर्वी बोर्डावर अशा दोन मोठ्या चिपा असत. आता रॅम आणि ग्राफिक्स कार्डाचा मुख्य स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेले असतात, आणि चिपसेटकडे यूएसबी, साटा (हार्डडिस्कची जोडणी), लॅन (नेटच्या वायरची जोडणी), जादाचे स्लॉट अशी कामं उरली आहेत. शिवाय ओव्हरक्लॉकिंगला (ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याला) परवानगी आहे की नाही, रॅमचे स्लॉट किती ठेवता येतील, हेही चिपसेटवर ठरतं.

चिपसेट फक्त कमाल मर्यादा सांगतो. त्यातलं प्रत्यक्षात किती द्यायचं ते बोर्ड बनवणारा ठरवतो. खानावळीच्या फलकावर "फिश थाळी" सगळीकडे सारखंच लिहिलेलं असतं. एका ठिकाणी तळलेला बांगडा आणि सुक्या सुंगटांची किसमूर येते, दुसरीकडे नुसतं हुमण. म्हणून "एच६१०" एवढ्यावर थांबू नका, बोर्डाचं पूर्ण मॉडेल नाव विचारा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच नावाचं पान उघडा. एका अक्षराच्या फरकानेही बोर्ड वेगळा असतो. खालची जवळजवळ सगळी उत्तरं शेवटी याच पानाकडे येतात.

२. बजेटमधले चिपसेट कुठले, आणि त्यांच्यात फरक काय?

इंटेलच्या बाजूला बजेटमध्ये सर्रास भेटतो तो एलजीए१७०० सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा). त्यात १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचे प्रोसेसर बसतात. एच६१० आणि बी६६० जानेवारी २०२२ मध्ये आले, बी७६० जानेवारी २०२३ मध्ये. तिन्हींवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. ती सोय इंटेल झेड मालिकेपुरती ठेवते. त्यामुळे नावात "के" असलेला महागडा प्रोसेसर या बोर्डांसाठी मुद्दाम घेऊ नका. त्यानंतरचा एलजीए१८५१ सॉकेट आणि त्याचे एच८१०, बी८६० हे चिपसेट फक्त डीडीआर५ (रॅमचा नवा प्रकार, आधीचा डीडीआर४) घेतात.

एएमडीकडे जुना पण अजून टिकून असलेला एएम४. त्यात ए५२० आणि बी५५०, दोन्ही २०२० चे. ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही आणि ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआयई ३.० वर थांबतो (पीसीआयई म्हणजे कार्डं आणि डिस्क जोडण्याचा मार्ग, आकडा मोठा तितका वेग जास्त). बी५५० वर ओव्हरक्लॉकिंग होतं, आणि योग्य प्रोसेसर असेल तर तो स्लॉट व एक एम.२ (एसएसडीचा छोटा स्लॉट) पीसीआयई ४.० वर चालतात. "योग्य प्रोसेसर"ची मेख प्रश्न १३ मध्ये आहे. एएम५ सॉकेट २०२२ चा, त्यातला स्वस्त चिपसेट ए६२० मार्च २०२३ चा. तो फक्त डीडीआर५ वर चालतो, पण एच६१० ला न जमणारी गोष्ट त्याला जमते: रॅम तिच्या जाहिरातीतल्या वेगावर लावता येते.

पुढे प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल तर एएम५ बरा. २०२७ आणि त्यापुढेही या सॉकेटसाठी प्रोसेसर काढू असं एएमडीने जाहीर केलं आहे. एलजीए१७०० चा रस्ता १४व्या पिढीवर संपला.

३. एच६१० घ्यावा, की तीन-चार हजार जादा घालून बी७६०?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

एच६१० मध्ये रॅमचे स्लॉट दोनच असतात. चिपसेटच रॅमच्या दोन रस्त्यांपैकी (चॅनल) प्रत्येकावर एकच पट्टी सोसतो. प्रोसेसरकडे एम.२ साठी पीसीआयई ४.० च्या चार स्वतंत्र लेन (डेटाचे रस्ते) असतात, पण एच६१० त्या वापरू देत नाही. म्हणून या बोर्डांवरचा एम.२ चिपसेटमधून येतो आणि पीसीआयई ३.० वर चालतो. म्हणजे चार लेन असल्या तर सेकंदाला साधारण ३.९ जीबी. ग्राफिक्सचा स्लॉट मात्र ४.० चा पूर्ण सोळा लेनचा असतो, त्यात कंजुषी नाही. साटा चार, आणि तेवढेच बी७६० मध्येही.

बी७६० तुम्हाला रॅमचे चार स्लॉट देऊ शकतो (देतोच असं नाही), रॅमचा वेग वाढवू देतो, प्रोसेसरला थेट जोडलेला ४.० चा एम.२ देतो, आणि त्याच्या बोर्डांवर वीजपुरवठ्याचा भाग बहुधा जास्त दमदार असतो. माझ्या मते जादा पैशांचं खरं मोल या शेवटच्या गोष्टीत आहे. तिच्याबद्दल प्रश्न ६ वाचा.

आता हिशेब. पंचायतीचे फॉर्म भरणं, हिशेबाचं सॉफ्टवेअर, शाळा-कॉलेज, यूट्यूब, किरकोळ फोटो दुरुस्ती, आय३ किंवा साधा आय५: एच६१० घ्या आणि वाचलेल्या पैशांतून एसएसडी मोठी घ्या किंवा यूपीएस घ्या. पस्तावणार नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे असतील, दोन एनव्हीएमई डिस्क (पीसीआयईवर चालणाऱ्या वेगवान एसएसडी) लागणार असतील, आय७ लावायचा असेल, तर बी७६०. आय७ घेऊन बोर्डात पैसे वाचवणारे लोक दर वर्षी भेटतात, आणि दर वर्षी मी तेच सांगतो.

४. डीडीआर४ की डीडीआर५? दोन्ही लागतील असा बोर्ड मिळेल का?

एच६१० आणि बी७६० दोन्ही प्रकारांत मिळतात, पण एका बोर्डावर सर्वसाधारणपणे एकच प्रकार. पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही. जोर लावू नका. मॉडेलच्या नावात बहुधा "डी४" किंवा "डीडीआर४" लिहिलेलं असतं.

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चांगलेच भडकले. जुन्या यंत्रातल्या डीडीआर४ पट्ट्या धडधाकट असतील तर त्या वापरता येतील असा बोर्ड घेण्यात शहाणपण आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड न लावता प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर गेम खेळायचे असतील तर डीडीआर५ चा फायदा दिसतो, कारण ते ग्राफिक्स रॅममधूनच जेवतं. त्याच कारणाने एका सोळाच्या पट्टीपेक्षा आठ-आठच्या दोन बऱ्या.

५. ३६०० ची रॅम घेतली, पण एच६१० वर ३२०० च दाखवते. फसवलं का?

नाही. एच६१० वर रॅम ओव्हरक्लॉक होत नाही, आणि डीडीआर४ मध्ये ३२०० च्या वरचा वेग ओव्हरक्लॉकच धरला जातो. रॅम खराब नाही. फक्त जादा पैसे फुकट गेले. बी६६०, बी७६०, ए५२०, बी५५०, ए६२० या सगळ्यांवर मात्र रॅमच्या जाहिरातीतल्या वेगासाठी बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सेटिंग चालू करावी लागते. ते न केल्यामुळे वर्षानुवर्षं २१३३ वर चाललेली यंत्रं मी पाहिली आहेत.

६. व्हीआरएम म्हणजे काय? आमच्या बोर्डावर त्याला हीटसिंकच (उष्णता उतरवणारा धातूचा ठोकळा) नाही, चालेल का?

एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला चालत नाहीत, त्याला साधारण एका व्होल्टच्या आसपास लागतात. हे उतरवण्याचं काम सॉकेटच्या बाजूला ओळीने बसलेल्या मॉस्फेट, कॉइल आणि कपॅसिटरचं, तोच व्हीआरएम. काम करताना तो तापतो. प्रमाणाबाहेर तापला की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खाली आणतो. प्रोसेसर आय७ चा, कामगिरी आय३ ची, आणि कारण कुणाच्याच लक्षात येत नाही.

प्रोसेसरच्या माहितीत लिहिलेल्या "६५ वॅट"वर विसंबू नका. आय३-१२१०० पूर्ण जोरात ८९ वॅटपर्यंत जातो, आय५-१२४०० हा ११७ पर्यंत, आय५-१४४०० हा १४८ पर्यंत, आणि आय७-१४७०० तर २१९ पर्यंत. कागदावर त्यातले बहुतेक ६५ वॅटवालेच. एएमडीचे ६५ वॅटवाले साधारण ८८ वर थांबतात, म्हणून स्वस्त ए५२० बोर्डावर ते सुखाने नांदतात.

तर हीटसिंक नसलेला बोर्ड आय३ ला चालेल, आय५-१२४०० लाही रोजच्या कामात चालेल. त्यापुढे मी जाणार नाही. मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित खोलीतले चाचणीचे आकडे इथे जसेच्या तसे धरू नका. मे महिन्यात मडगावच्या पत्र्याच्या पोटमाळ्यावर खोलीच ३५ अंशांवर असते. ए६२० घेताना आणखी एक पाहा: काही बोर्डांवर जास्त वॅटच्या प्रोसेसरांना अधिकृत पाठिंबाच नसतो. कंपनीच्या पानावरची प्रोसेसरांची यादी उघडून आपला त्यात आहे का ते बघा.

७. "एम.२ आहे" सांगून बोर्ड दिला, पण डिस्क दिसत नाही.

एम.२ हा नुसता आकार. त्या आकारात साटावर चालणाऱ्या डिस्क येतात (सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास) आणि एनव्हीएमईही. काही स्लॉट दोन्ही घेतात, काही एकच. तुमची साटावाली असेल आणि स्लॉट फक्त पीसीआयईचा, तर ती व्यवस्थित बसेल आणि दिसणार मात्र नाही. वायफाय कार्डासाठीचा छोटा एम.२ स्लॉट वेगळाच असतो, त्यात डिस्क लागत नाही.

उलटी तक्रारही येते: एम.२ लावला आणि जुनी हार्डडिस्क गायब झाली. बऱ्याच बोर्डांवर एम.२ मध्ये साटा डिस्क लावली की एक साटा पोर्ट बंद होतो. कुठला ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. वायर शेजारच्या पोर्टात घाला, झालं.

८. मागे एचडीएमआय आहे, तरी स्क्रीन काळीच. बोर्ड गेला?

आधी प्रोसेसरचं नाव वाचा. इंटेलच्या नावाच्या शेवटी "एफ" असेल, किंवा एएम४ वरचा रायझन ५००० "जी" शिवायचा असेल, तर त्यात ग्राफिक्सच नाही. बोर्डावरचा एचडीएमआय तेव्हा शोभेचा. ग्राफिक्स कार्ड हवंच.

चित्र येतं पण फोर-के स्क्रीनवर माऊस अडखळतो, ही दुसरी तक्रार. काही स्वस्त बोर्डांचा एचडीएमआय १.४ चा असतो आणि तो फोर-केला सेकंदाला ३० च चित्रं देतो. डिस्प्लेपोर्ट असेल तर तो वापरा.

९. नवा प्रोसेसर, नवा बोर्ड, पंखे फिरतात, डिस्प्ले नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. आतेभावासाठी बी४५० बोर्ड स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, त्यावर रायझन ५६०० लावला, आणि दोन दिवस रॅम काढ-घाल करत बसलो. बोर्ड २०१८ च्या चिपसेटचा, दुकानात पडून राहिलेला. त्याच्या बायोसला ५००० मालिका माहीतच नव्हती. जुना प्रोसेसर उसना आणून बायोस अपडेट केला तेव्हा कुठे आतेभावाचा रुसवा गेला.

हेच १३व्या-१४व्या पिढीच्या प्रोसेसरबाबत जुन्या साठ्यातल्या एच६१० वर होतं. खोक्यावर त्या पिढीचा उल्लेख करणारं स्टिकर आहे का पाहा, नसेल तर विकत घेतानाच दुकानात बायोस अपडेट करून मागा. प्रोसेसरशिवाय पेन ड्राइव्हवरून बायोस भरण्याचं बटण काही बोर्डांवर असतं, पण बजेटमध्ये क्वचित. आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड आडवा होऊ शकतो. यूपीएसशिवाय पावसाळ्यात हा उद्योग करू नये.

१०. दोन-अडीच हजारांत "नवा" एच६१ किंवा एच८१ बोर्ड मिळतोय. घरचा जुना आय५ पडून आहे. घेऊ?

एच६१ हा २०११ चा चिपसेट, एच८१ हा २०१३ चा. बोर्ड नवा छापलेला असतो, चिप तीच. एच६१ मध्ये चिपसेटचा स्वतःचा यूएसबी ३.० नाही, साटाचा वेग अर्धा, लेन पीसीआयई २.० च्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची किमान ८वी पिढी लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

तरी मी सरसकट नाही म्हणणार नाही. मुलाला टायपिंग शिकायचंय, लिनक्स चालेल, विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर देणाऱ्या सरकारी सायबरएज योजनेतल्या डब्याच्या आठवणी अजून ताज्या आहेत: घ्या. पण प्रोसेसर, रॅम, बोर्ड सगळंच विकत घेऊन असं यंत्र उभं करू नका. त्या पैशांत थोडी भर घालून कार्यालयातून निघालेला ८व्या पिढीनंतरचा जुना ब्रँडेड डेस्कटॉप मिळतो, आणि तो बरा.

११. गोव्याच्या हवेत बोर्ड लवकर खराब होतो, खरं का?

दमट आणि खारट हवेत धातू गंजतो, त्याला बोर्ड अपवाद नाही. वास्को किंवा कळंगुटला समुद्राजवळच्या घरातला बोर्ड आणि वाळपईतला बोर्ड पाच वर्षांनी शेजारी ठेवले तर यूएसबीच्या टोप्यांवरून ओळखता येतात. सगळ्यात वाईट म्हणजे जून ते सप्टेंबर यंत्र बंद ठेवणं. रोज अर्धा तास चालू ठेवा. आतल्या उबेने ओल धरत नाही. पावसाळ्यानंतर डिस्प्ले येत नसेल तर दुरुस्तीला नेण्याआधी रॅम काढून तिचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबरानेही भागतं, पण हलक्या हाताने. निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं.

बोर्डासोबत येणारी मागची पत्र्याची चौकट बसवायला असेंबल करणारे हमखास विसरतात. ती फट म्हणजे पालींना आणि मुंग्यांना आमंत्रण. व्हीआरएमच्या उबेला आलेली पाल स्वतः मरते आणि बोर्डालाही नेते. हसू नका, दोनदा पाहिलंय.

वीज: मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या गडगडाटात लॅन पोर्ट जळाल्याच्या तक्रारी येतात. प्लग काढतात, नेटची वायर तशीच राहते. फायबर स्वतः वीज वाहून आणत नाही, पण राउटरचा अडॅप्टर प्लगमध्ये असतो आणि त्यातून तांब्याची लॅन वायर बोर्डापर्यंत जाते. दोन्ही काढा. आणि अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेला बऱ्याचदा काहीच जोडलेलं नसतं.

१२. ऑनलाइन घेऊ, की पणजी-म्हापशाच्या दुकानातून?

दोनशे-तीनशेच्या फरकासाठी मी ऑनलाइन जात नाही, हजाराच्या पुढे जातो. बोर्डावर साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते. ती निभावायला बोर्ड कुठे पाठवावा लागेल आणि कुरिअर कोण भरेल हे आधी विचारा. बिलावर सिरियल नंबर हवा. दुकानात घेत असाल तर सॉकेटचं झाकण उघडून मोबाइलच्या उजेडात पिना बघा. इंटेलच्या आणि एएम५ च्या पिना बोर्डावर असतात, एएम४ च्या प्रोसेसरवर. वाकलेली पिन, जळाल्याची खूण आणि गंज बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाहीत. घरी आल्यावर वाकलेली पिन दिसली तर ती तुम्हीच वाकवली असं धरलं जातं.

१३. बी५५० घेतला, रायझन ५६००जी लावला, तरी सगळं पीसीआयई ३.० वरच. का?

कारण ५६००जी हा प्रोसेसरच ३.० पर्यंतचा आहे, ५५०० सुद्धा. साधा ५६०० असता तर ४.० मिळालं असतं. बोर्ड आणि प्रोसेसर यांत जो कमी, त्याचं राज्य.

असाच सापळा एएम५ वर आहे. रायझन ८५००जी ग्राफिक्सच्या स्लॉटला चारच लेन देतो, मग स्लॉट कितीही लांब असो. आणि जुन्या बाजारातला बी५६० बोर्ड १०व्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर घेतला तर प्रोसेसरला जोडलेला एम.२ स्लॉट मेलेला दिसतो. तो ११व्या पिढीबरोबरच जागा होतो. डिस्क दुसऱ्या एम.२ मध्ये लावा.

१४. पुढच्या वर्षी ग्राफिक्स कार्ड घेईन. ए५२० चा ३.० स्लॉट आड येईल?

कार्ड किती लेनचं आहे त्यावर. सोळा लेनच्या जीटीएक्स १६५० ला काही फरक पडत नाही. आठ लेनच्या आरटीएक्स ३०५० किंवा ४०६० ला थोडाफार, बहुतेक गेममध्ये जाणवणार नाही इतका. पण आरएक्स ६५००एक्सटी आणि ६४०० या कार्डांना लेन चारच आहेत. ४.० वर ती भागवून घेतात, ३.० वर त्यांचा रस्ता अर्धा होतो आणि वेग स्पष्ट घसरतो. नेमकी हीच कार्डं स्वस्त म्हणून स्वस्त बोर्डांवर लावली जातात. एच६१० वर ही अडचण नाही, प्रश्न ३ पाहा.

१५. दुकानातला वजनकाटा आणि जुना बारकोड स्कॅनर सिरियल पोर्टवर चालतात. नव्या बोर्डाला तो पोर्ट कुठे असतो?

मागे क्वचितच, पण पुष्कळ एच६१० बोर्डांवर आतमध्ये नऊ पिनांचा "कॉम" हेडर असतो. त्याला वायर आणि पत्र्याची पट्टी जोडली की मागे पोर्ट तयार. वायर घेताना पिनांची जुळणी मॅन्युअलशी ताडून पाहा. दोन पद्धती बाजारात आहेत आणि दिसायला सारख्याच. महागड्या गेमिंग बोर्डांवर हा हेडर बऱ्याचदा सापडतही नाही, त्यामुळे साखळी गावच्या एका किराणा दुकानदाराला मी बी७६० परत करून एच६१० घ्यायला लावला होता. त्याचा काटा अजून त्याच पोर्टवर चालतो.